एकगठ्ठा मतदान आणि उमेदवाराची जात: दोन वेगळे प्रश्न

निवडणुकीचा निकाल लागला की पुढचे आठ दिवस सांगलीत, चहाच्या गाड्यावर म्हणा की वकिलांच्या बाररूममध्ये, एक वाक्य हमखास ऐकू येते: 'अमुक समाजाने अमुक उमेदवाराला एकगठ्ठा मतदान केले, म्हणजे उमेदवाराची जात चालली.' या वाक्याचा पूर्वार्ध पुष्कळदा खरा असतो आणि उत्तरार्धही कधी कधी खरा असतो. माझा आक्षेप मधल्या 'म्हणजे'ला आहे. पूर्वार्ध मतदारांविषयी काही सांगतो, उत्तरार्ध उमेदवाराविषयी, आणि एकावरून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. अमेरिकेतील निवडणुकांवर मराठीत लिहिताना 'जाती'च्या जागी 'वर्ण' घालून हीच गल्लत जशीच्या तशी केली जाते.

उमेदवाराच्या जातीचे गणित सातारा-सांगलीच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तिकीटवाटपापूर्वी कोणत्या तालुक्यात कोणत्या समाजाची किती घरे, याचा हिशेब येथे पानपट्टीवालाही बोटांवर करून दाखवतो. जात आणि वर्ण यांतील फरकही या लेखापुरता थोडक्यात आटोपतो: अमेरिकेच्या संदर्भात वर्ण म्हणजे कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय अशी वांशिक ओळख, आणि तिचा चातुर्वर्ण्याशी काही संबंध नाही. खरी अडचण पुढे आहे.

एकगठ्ठा मतदान म्हणजे मतदाराची जात किंवा वर्ण कळला की त्याच्या मताचा अंदाज बांधता येणे. उमेदवाराच्या वर्णाचा परिणाम म्हणजे पक्ष, भूमिका आणि वर्ष तेच ठेवून केवळ उमेदवाराचा वर्ण बदलला असता तर जितकी मते इकडची तिकडे गेली असती, तेवढाच आकडा. पहिली गोष्ट मतदानोत्तर पाहण्यांत दिसते. दुसरी थेट कधीच दिसत नाही, कारण न झालेली निवडणूक मोजता येत नाही. ती तुलनेने ताडावी लागते.

नेहमी दिले जाणारे उदाहरणच घेऊ. २००८ मध्ये बराक ओबामा यांना कृष्णवर्णीय मतदारांची सुमारे ९५ टक्के मते मिळाली, आणि 'हे वर्ण पाहूनच झाले' असे अजूनही ठामपणे सांगितले जाते. परंतु त्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे श्वेतवर्णीय उमेदवार जॉन केरी यांना २००४ मध्ये या मतदारांची सुमारे ८८ टक्के आणि अल गोर यांना २००० मध्ये सुमारे ९० टक्के मते मिळाली होती. १९६४ मध्ये तर लिंडन जॉन्सन यांना ती सुमारे ९४ टक्के मिळाली, आणि जॉन्सन टेक्सासचे श्वेतवर्णीय होते. त्या वर्षी त्यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली होती आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याच कायद्याच्या विरोधात मत दिले होते. एकगठ्ठा मतदानाचे मूळ तेथे आहे. म्हणून मतांच्या टक्केवारीपुरते पाहिले तर ओबामांच्या वर्णाच्या खात्यावर फार तर पाच-सात टक्के मांडता येतील, पंचाण्णव नव्हे. त्या वर्षी कृष्णवर्णीय मतदार मतदानाला अधिक संख्येने बाहेर पडले, हा परिणाम त्यात मिळवावा लागेल, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. पण टक्केवारीवर भांडणाऱ्यांचे त्याकडे लक्ष जात नाही.

याहून स्वच्छ उदाहरण जॉर्जिया राज्याचे आहे. २०२२ च्या सिनेट निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे राफाएल वॉर्नॉक आणि रिपब्लिकन पक्षाचे हर्शल वॉकर हे दोघेही कृष्णवर्णीय होते. तरीही कृष्णवर्णीय मतदारांपैकी सुमारे नव्वद टक्के वॉर्नॉक यांच्याकडे आणि श्वेतवर्णीयांपैकी सुमारे सत्तर टक्के वॉकर यांच्याकडे गेले. मतदारांची वर्णानुसार फाळणी पुरेपूर होती, पण दोन्ही उमेदवारांचा वर्ण एकच असल्याने ती फाळणी उमेदवाराच्या वर्णाने घडवली असे म्हणताच येत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. ओबामांना श्वेतवर्णीयांची ४३ टक्के मते मिळाली, केरी यांना ४१ टक्केच मिळाली होती. यावरून 'वर्णाचा तोटा झालाच नाही' असा निष्कर्ष काढणारे २००८ हे कसले वर्ष होते ते विसरतात. आर्थिक संकट ऐन प्रचारात कोसळले होते, सत्ताधारी रिपब्लिकन पक्ष लोकांच्या मनातून उतरला होता, आणि अशा वर्षी श्वेतवर्णीय डेमोक्रॅट उमेदवाराला कदाचित ४३ पेक्षा बरीच अधिक मते मिळाली असती. देशभर पक्षाची मते वाढत असताना आर्कान्सापासून वेस्ट व्हर्जिनियापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यातील अनेक काउंट्यांत, म्हणजे तेथल्या जिल्ह्यांत, ओबामांना केरींहून कमी मते पडली, ही त्यातली बोलकी खूण आहे. तुलना मागच्या निकालाशी करून भागत नाही. जे एरवी झाले असते त्याच्याशी करावी लागते. मतदारालाच विचारावे, तर तो सरळ सांगेलच असे नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार टॉम ब्रॅडली जनमत चाचण्यांत पुढे असूनही थोडक्यात हरले, आणि १९८९ मध्ये व्हर्जिनियात त्याच पदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर यांची चाचण्यांतील आघाडी मतमोजणीत सात हजारांच्याही आत आली. मात्र २००८ मध्ये तशी तफावत दिसली नाही, तेव्हा ब्रॅडलींचे नाव आज प्रत्येक निवडणुकीत पुढे करणे हा आळस आहे.

उमेदवाराचा वर्ण सर्वांत उघडपणे काम करतो तो पक्ष बाजूला ठेवल्यावर. जानेवारी २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत ओबामांना कृष्णवर्णीयांची ७८ टक्के आणि श्वेतवर्णीयांची सुमारे २४ टक्के मते मिळाली. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने मतदाराला निवडीसाठी दुसरे आधार शोधावे लागले. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, आणि तेथे भावकी व जात जितकी बोलते तितकी लोकसभेला बोलत नाही, याचे कारणही हेच.

आता घरचे पाहू. २०२४ मध्ये सांगली लोकसभेला विशाल पाटील, संजयकाका पाटील आणि चंद्रहार पाटील असे तीन पाटील प्रमुख लढतीत होते, आणि अपक्ष विशाल पाटील सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. तिघेही मराठा असताना 'मराठा मते जातीवर पडली' या वाक्याला अर्थ उरत नाही, तरी मी ते कानांनी ऐकले आहे. साताऱ्यात उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादीकडून सुमारे सव्वा लाखांनी जिंकले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत भाजपकडून श्रीनिवास पाटलांसमोर सुमारे ८७ हजारांनी हरले आणि २०२४ मध्ये भाजपकडूनच पुन्हा जिंकले. गादी तीच, घराणे तेच, जात तीच; निकाल मात्र तीन. मिरज विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणजे तेथे सवर्ण उमेदवार असूच शकत नाही, आणि तरीही गावोगावच्या मतांचे कल वेगवेगळे असतातच.

यावर हमखास पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे नमुना २०, केंद्रनिहाय मतांचा तक्ता. पेन्सिल घेऊन मीही त्यावर संध्याकाळी घालवल्या आहेत, म्हणून त्याची मर्यादा सांगतो. समजा, एका केंद्रावर हजार मते पडली, त्यांतील सहाशे मतदार एका समाजाचे, आणि त्या समाजाच्या उमेदवाराला नेमकी सहाशे मते मिळाली. कट्ट्यावर हिशेब तेथेच मिटतो. पण इतर चारशेही त्यालाच पडली असतील, तर त्याच्या समाजातून त्याला दोनशेच मिळाली असे निघते, आणि तक्ता दोन्ही शक्यतांना सारखाच जुळतो. ही शंका बाजूला ठेवून सहाशेही मते समाजाचीच धरली, तरी मागच्या निवडणुकीचा तक्ता काढावा आणि त्याच केंद्रावर त्याच पक्षाच्या दुसऱ्या जातीच्या उमेदवाराला किती पडली होती ते पाहावे. ती पाचशे सत्तर निघाली, तर वाद घालण्यासाठी हातात तीस मते उरतात.