रोझेशिया

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मध्यभागाचा, म्हणजे गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी यांचा, वर्षानुवर्षे चालणारा दाहक त्वचाविकार आहे. तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. तो स्पर्शाने पसरत नाही, अस्वच्छतेमुळेही होत नाही. मुळापासून जात नसला, तरी उपचारांनी आणि थोड्या सावधगिरीने तो उत्तम ताब्यात राहतो.

सुरुवात चेहरा तापण्याने होते. ऊन लागले, चुलीजवळ उभे राहिले, राग आला किंवा लाज वाटली की गाल एकदम गरम होतात आणि आग होते. आधी हे काही मिनिटांत ओसरते. पुढे लाली रेंगाळू लागते, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, लाल पुटकुळ्या व पूयुक्त फोड येतात. हे फोड मुरमांसारखे दिसतात, पण मुरमांत हमखास असणारी काळ्या टोकांची ब्लॅकहेड्स इथे नसतात. काही रुग्णांत, विशेषतः पुरुषांत, नाकाची त्वचा जाड व खडबडीत होऊन नाक फुगते; त्याला राइनोफायमा म्हणतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दोमेनिको गिरलांदायो याने १४९० च्या सुमारास रंगवलेले आजोबा आणि नातवाचे चित्र आहे. त्यातल्या आजोबांचे नाक असेच आहे आणि नातू त्यांच्याकडे अगदी मायेने पाहतो आहे. मद्यपानाने असे नाक होते हा समज जुना आणि अन्यायाचा आहे; आयुष्यात दारूला न शिवलेल्यांनाही राइनोफायमा होतो. मद्याने लाली भडकू शकते, एवढेच खरे.

पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रे बहुतेक गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांची असल्यामुळे हा आजार गोऱ्यांचाच, अशी समजूत डॉक्टरांतही बराच काळ राहिली. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत लाली उठून दिसत नाही. चेहरा तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळवंडलेला वाटतो. त्यामुळे रोझेशियाला कधी मुरमे, कधी वांग, तर कधी उन्हाची अ‍ॅलर्जी समजले जाते. आपल्याकडे निदानाचा धागा रुग्णाच्या बोलण्यातून अधिक मिळतो: ‘साधी क्रीम लावली तरी चुरचुरते’, ‘चेहऱ्यातून वाफा येतात’, ‘स्वयंपाकघरातून बाहेर आले की गाल पेटतात’. दिसण्यापेक्षा जाणवणे इथे महत्त्वाचे. डर्मोस्कोप या भिंगातून पाहिले की साध्या डोळ्यांना न दिसणारी रक्तवाहिन्यांची बहुकोनी जाळी दिसते. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), सेबोऱ्हिक त्वचादाह (तेलकट खपल्यांचा विकार) आणि चेहऱ्यावरचा नायटा यांच्याशी गल्लत होऊ शकते, म्हणून ते वगळावे लागतात.

कारण एकच सांगता येत नाही. आनुवंशिक कल असतो. त्वचेची उपजत संरक्षणयंत्रणा अवाजवी जागी असते: कॅथेलिसिडिन नावाचे जंतुरोधक प्रथिन इथे जास्त प्रमाणात आणि वेगळ्या रूपात तयार होऊन दाह वाढवते. उष्णता ओळखणाऱ्या चेता लवकर चिडतात. डेमोडेक्स हे कोळी-गोचिडांच्या वर्गातले सूक्ष्म जीव बहुतेक सर्वांच्या केसांच्या मुळांशी राहतात. रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली आढळते.

भारतातल्या रुग्णांचे सर्वांत मोठे नुकसान मात्र मलमाच्या एका नळीतून होते. गोरेपणासाठी, मुरमांसाठी किंवा डागांसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मलमांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणींमध्ये, जावा-नणंदांमध्ये नाव सांगितले जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, वाहिन्या दिसू लागतात, फोड येतात आणि मलम थांबवताच आग उसळते. म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडग्रस्त चेहरा असे स्वतंत्र नाव दिले. मूळ रोझेशिया यात बिघडतो, आणि नसलेल्यांना रोझेशियासारखा विकार जडतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे अनुसूची एच मध्ये आणून चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती सहज मिळतात, ही खेदाची गोष्ट आहे. मलम सोडल्यावरचे काही आठवडे फार त्रासाचे जातात. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काढावेत.

उपचार लक्षणांनुसार ठरतात. फोडांसाठी मेट्रोनिडाझोल जेल, १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम किंवा अझेलाइक आम्ल वापरतात. अझेलाइक आम्ल काळे डागही फिके करते, म्हणून आपल्या त्वचेला ते विशेष उपयोगी. फोड जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दाह कमी करण्यासाठी कमी मात्रेत देतात. हट्टी आजारात अल्प मात्रेतील आयसोट्रेटिनॉइन. ही दोन्ही गरोदरपणी वर्ज्य आहेत. ब्रिमोनिडिन जेलने लाली काही तासांपुरती ओसरते, मात्र काहींना नंतर ती जास्त उसळते. वाहिन्यांसाठी लेसर आहे. सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका असल्याने तो अनुभवी हातांतच करावा. फोडांवरच्या मलमांचा पुरता गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. याच टप्प्यावर कंटाळून बरेच जण उपचार सोडतात.

घरी पाळायचे थोडेच असते. सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचे, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन. पांढरेपणा नको असेल तर रंगीत मिळते. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत उटण्याने घासणे, वाफारा, पार्लरमधले ब्लीच आणि कापूर-मेन्थॉलची मलमे चेहऱ्यापासून दूर ठेवावीत. झणझणीत तिखट अनेकांना बाधते, सर्वांना नाही. काही आठवडे वही ठेवली की आपले नेमके कशाने भडकते ते कळते. चहा-कॉफी सोडायची गरज नसते. गरम कॉफीने चढणारी लाली कॅफीनमुळे नसून उष्णतेमुळे येते, हे १९८१ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. चहा बशीत ओतून, निववून पिण्याची आपली जुनी सवय इथे कामाची आहे.

डोळ्यांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. खुपणे, कोरडेपणा, लाल पापण्या, वारंवार येणारी रांजणवाडी ही डोळ्यांच्या रोझेशियाची लक्षणे असू शकतात आणि कधीकधी ती चेहऱ्यावर काही दिसण्याआधीच येतात. बंद पापण्यांवर कोमट शेक आणि पापण्यांची स्वच्छता यांनी आराम पडतो. शेक पापण्यांपुरताच ठेवावा, गालांवर उतरू देऊ नये. उजेड सहन होत नसेल, दृष्टी धूसर झाली असेल किंवा डोळा दुखत असेल, तर बुबुळाला इजा पोहोचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.