खजुराची बी आधी खाली जाते

रमजानात विजापूर वेशीतून खजूर घरी आला की आमच्या गटात बिया जमवायची घाई सुरू होते. सोलापुरात पामची झाडं लावणारे आम्ही काही हौशी लोक. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी परसात जमतो, बिया-रोपांची देवाणघेवाण करतो, कुणाचं झाड सुकत असेल तर शेंड्यात भुंगा शिरलाय का ते पाहतो.

नव्या माणसाची तक्रार ठरलेली असते: ‘बी कुजली, कोंब आलाच नाही.’ उकरून पाहावं तर बी चांगली जिवंत! खजुराच्या बीला एका बाजूला लांब खाच असते आणि उलट्या बाजूला बारीक गोल ठिपका. गर्भ त्या ठिपक्याखाली असतो. तिथून पांढरा दांडा निघतो आणि थेट खाली जातो. त्याला सगळे मूळ समजतात, पण तो बीजपत्राचा लांबलेला भाग असतो. गर्भाला तो मातीत खोल नेतो आणि खरं मूळ, पहिलं पान तिथून फुटतं. बी वरच राहून शिदोरी पुरवते. तापलेल्या वाळूत ओल खालीच सापडते, म्हणून ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. तेव्हा कुंडी उथळ नको, उंच पिशवी घ्या. ऊब लागतेच, ती आपल्याकडे एप्रिलात मागावी लागत नाही.

एवढं करून झाड नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, कळत नाही. इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ साली पेरली आणि ती उगवली. तेही झाड नर निघालं. फळंच हवी असतील तर मादी झाडाच्या बुंध्याशी आलेला फुटवा लावावा, तो मादीच होतो.

गटात मी एका गोष्टीसाठी भांडतो: पामच्या खोडाला खिळा मारू नका. आंब्या-लिंबाच्या खोडात सालीखाली वाढीचा थर असतो, जखम हळूहळू बुजते. पामला तो थरच नाही, त्यामुळे जखम जन्मभर राहते. वाढीचा कोंबही बहुतेक पामांना शेंड्यात एकच. तो तोडला की ते खोड गेलं.

केरसुणीसाठी जिची पानं लागतात ती शिंदी ओढ्याकाठी दिसली तर तिचं खोड नीट पाहा. रस काढलेल्या झाडावर आलटून-पालटून खाचा असतात. त्या मोजल्या की किती हंगाम रस काढला याचा अंदाज येतो.