माथ्यावरचे डोळे

कोमोडो ड्रॅगन म्हणजे आपल्या घोरपडीचा थोरला भाऊबंद. लांबी 3 मीटरपर्यंत, वजन 70 किलोच्या आसपास. इंडोनेशियाच्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस या बेटांवर तो हरणं, रानडुकरं मारून खातो. करवतीसारख्या दातांच्या धारेवर लोहाचा नारिंगी मुलामा, खालच्या जबड्यात विषग्रंथी. त्याचं सगळं सामर्थ्य जबड्यात.

युरोपातल्या ओढ्यांत राहणाऱ्या ब्रुक लॅम्प्रे या माशाला जबडाच नाही. हाडं नाहीत, खवले नाहीत. जेमतेम 15 सेंटिमीटरचं, वामसारखं दिसणारं अंग आणि डोळ्यामागे कल्ल्यांची सात-सात भोकं. आयुष्याची पाच-सहा वर्षं तो आंधळ्या डिंभाच्या, म्हणजे अळीच्या रूपात गाळात स्वतःला पुरून घेतो आणि पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातो. मग रूप पालटतं, डोळे येतात, आणि त्याच वेळी आतडं आक्रसून निकामी होतं. यापुढे अन्नाचा कण पोटात जायचा नाही! वसंतात हे उपाशी जीव उथळ, खडेरी तळाशी जमतात. चकतीसारखं तोंड चिकटवून एकेक खडा ओढत बाजूला सारतात, त्या खळग्यात अंडी घालतात आणि थोड्याच दिवसांत मरतात. मला तरी कोमोडोच्या शिकारीपेक्षा हे खडे ओढणं अधिक थरारक वाटतं.

या दोघांचे पूर्वज सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी दोघांचा माथा पाहा. कोमोडोच्या डोक्यावर, एका खवल्याखाली, तिसरा डोळा असतो. आपल्या घोरपडीलाही असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड तेवढा कळतो. लॅम्प्रेच्या एकुलत्या नाकपुडीमागे त्वचेचा फिकट ठिपका असतो, आणि त्याखाली असे दोन अवयव, एकावर एक. म्हणजे एकूण डोळे चार.

सरड्यांचा तिसरा डोळा या दोहोंपैकी नेमका कोणता? याचं उत्तर 2018 मध्ये एका जीवाश्माने दिलं. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये 4.9 कोटी वर्षांपूर्वी सानिवा नावाची घोरपडीच्या गोत्रातली प्रजाती राहत होती. तिच्या कवटीचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा माथ्यावर एकाऐवजी दोन भोकं निघाली, एकामागे एक. हिलाही चार डोळे! जबडा असलेल्या प्राण्यांत असं पूर्वी कधी आढळलं नव्हतं. त्यांची जागा पाहून संशोधकांनी ताडलं, की मागचा डोळा मासे-बेडकांच्या माथ्यावरच्या अवयवाशी जुळतो, आणि आजच्या घोरपडीत टिकलाय तो पुढचा, म्हणजे त्याचा जोडीदार.