भाद्रपद लागायच्या आधी कुत्र्यांची नसबंदी व्हायला हवी

भाद्रपद लागला की जळगाव असो नाहीतर अमळनेर, गल्लीगल्लीत तेच सुरू होतं. एका मादीमागे सात-आठ नर, रात्रभर भांडणं, शाळेत जाणारी पोरं घाबरलेली, आणि मग लोक पालिकेत फोन लावतात की यांना उचलून न्या. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो हो. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री दिवाळीच्या आसपास विते आणि थंडीत चार-सहा पिल्लं रस्त्यावर. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते, तरी आपल्याकडे खरा जोर पावसाळ्याच्या शेवटालाच असतो, जयपूरमध्येही गाभण कुत्र्या जास्त सापडतात त्या पावसाळ्यानंतरच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नसबंदीची मोहीम वर्षभर थोडीथोडी न चालवता आषाढ-श्रावणात जोरात करा, आणि एकेक वस्ती पूर्ण करूनच पुढच्या वस्तीत जा.

पूर्ण म्हणजे किती, तर वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांची नसबंदी हा आकडा कामाचा धरतात. आणि त्यात माद्या आधी. दहापैकी नऊ नरांचं ऑपरेशन केलं तरी उरलेला एक नर सगळ्या माद्यांना पुरतो, पण एक मादी थांबली की तिची पुढची सगळी वेत थांबतात. जयपूरमध्ये हेल्प इन सफरिंग या संस्थेने १९९४ ला काम सुरू केलं, आठेक वर्षांत साधारण ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लस झाली, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. कुत्रं न मारता झालंय हे.

ऑपरेशन स्वस्तात कसं होतं तेही बघा. मादीच्या उजव्या कुशीत छोटासा छेद घेतात, आकडीने गर्भाशयाचं टोक वर ओढतात, अंडाशयाच्या रक्तवाहिन्या दोऱ्याने घट्ट बांधून अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात, आणि टाके विरघळणाऱ्या दोऱ्याचे घालतात, म्हणजे टाके काढायला कुत्रं परत पकडायला नको. सरावलेली टीम एका दिवसात बऱ्याच कुत्र्यांचं काम करते आणि खर्च तिथेच खाली येतो. भुलीतच कानाला छोटी खाच मारतात, तीच ओळख. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. फक्त आपल्या भुसावळसारख्या गावात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि भुलीत कुत्र्याला अंगाची उष्णता सांभाळता येत नाही, म्हणून तेव्हा काम पहाटेच सुरू करावं लागतं आणि पिंजऱ्यांना कूलर हवाच.

मग सगळ्यांना शेल्टरमध्येच का नाही ठेवत, असं बरेच जण विचारतात. एक तर तेवढी जागाच नाही, आणि गर्दी झाली की पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे साथीचे आजार पिल्लांना साफ करतात. पार्वोचा विषाणू फरशीवर महिनोनमहिने टिकतो, नुसत्या फिनाईलने मरत नाही, आधी घाण घासून काढायची आणि मग ब्लीच मारून थोडा वेळ तसंच ठेवायचं. नवीन आलेलं कुत्रं वेगळं ठेवायचं आणि आजारी कुत्र्यांचं काम सगळ्यात शेवटी करायचं, एवढं जरी पाळलं तरी खूप पिल्लं वाचतात.

२०२३ च्या अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल (प्राण्यांचं जन्मनियंत्रण) नियमांप्रमाणे कुत्रं साधारणपणे जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं, आणि यामागे शास्त्र आहे. जामनेर रोडवरचं कुत्रं दुसऱ्या टोकाला सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात आणि इकडच्या रिकाम्या जागेत, मटणाच्या दुकानांमागच्या खाण्यावर, नसबंदी न झालेली नवीन कुत्री येऊन बसतात. म्हणून पकडतानाच गळ्यात नंबर आणि वहीत गल्लीचं नाव लिहिणं हे ऑपरेशनएवढंच महत्त्वाचं.

तुमच्या गल्लीत करायचं असेल तर आषाढातच दोन-चार घरं मिळून पालिकेत लेखी अर्ज द्या, त्यात कान न कापलेल्या माद्या किती ते लिहा, आणि जिच्या सडांना दूध आहे तिला उचलू देऊ नका, पिल्लं उपाशी मरतात. कानाला खाच दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. ऑपरेशन एकदाच होतं, पण रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, आणि रोज भाकरी घालणाऱ्याच्या हाताला कुत्रं सवयीचं असतं, तेव्हा लसीच्या दिवशी तुम्हीच त्याला धरून ठेवलं तर लस देणाऱ्याचं निम्मं काम झालं.