टाकी रिकामी करणं वेगळं, टाकी धुणं वेगळं

"पाऊस लागला का रे?" आईनं खिडकीतून बाहेर बघत विचारलं. ॲरिझोनातला जून महिना, आभाळात ढगाचा ठिपकाही नाही, आणि तरी आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, छतावरून खिडकीच्या काचेवर पाण्याच्या धारा उतरत होत्या. ते पाणी आमच्या संडासाच्या टाकीतलं होतं.

झालं होतं असं. कॅम्पग्राउंडवर पोचेपर्यंत अंधार पडला होता. मी ट्रेलर समपातळीत आणत होतो, तोवर मेहुण्यांनी मदत म्हणून पाण्याची नळी जोडून दिली. आमच्या ट्रेलरच्या कुशीत नळी लावायच्या दोन जागा आहेत, एकीशेजारी एक, एकाच मापाच्या. एकीतून घरातल्या नळांना पाणी जातं. दुसरी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाखालची टाकी, आतून धुण्यासाठी असते. नळी लागली दुसरीला. स्वच्छ पाण्याच्या टाकीत पाणी होतं आणि पंप चालू होता, त्यामुळे ओट्यावरच्या नळाला पाणी येतच राहिलं आणि कुणालाच शंका आली नाही. पंप बंद असता तर नळ कोरडा राहिला असता आणि चूक तिथल्या तिथे कळली असती. पुढे संडासातून गुडगुड आवाज यायला लागला, आणि मग आईला पाऊस दिसला.

मेहुण्यांचा दोष नव्हता. टाकी रिकामी करणं आणि टाकी धुणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. इथे अमेरिकेत नवा ट्रेलर घेणारे किंवा सुट्टीपुरता भाड्यानं घेणारे आपले बरेच लोक या दोन्हीला मिळून 'टाकी साफ करणं' म्हणतात. टाकी भरून वाहण्याचे प्रसंग बहुतेक वेळा या गोंधळातूनच येतात.

आधी रिकामी करण्याचं बघू. मध्यम ट्रेलरमध्ये ब्लॅक टँक साधारण ३० ते ४० गॅलनची असते. ४० गॅलन म्हणजे सुमारे १५० लिटर, घरातल्या मोठ्या दहा बादल्या. टाकीच्या तळाला ३ इंची पाइप आणि त्यावर सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह असतो. बाहेरची दांडी ओढली की पातं बाजूला होतं आणि आतला सगळा मैला स्वतःच्या वजनानं खाली येतो. या कामाला बाहेरचं पाणी लागत नाही, दाब लागत नाही. लागतो तो लोंढा. आणि लोंढा यायचा तर टाकीत भरपूर पाणी पाहिजे. म्हणून टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. पाव भरलेली टाकी उघडली तर पाणी निघून जातं आणि जाड ऐवज तळाशी बसून राहतो.

आपल्याला गावाकडचा सेप्टिक टँक माहीत असतो, आणि तीच समजूत इथे घात करते. सेप्टिक टँकमध्ये गाळ तळाशी बसावा आणि वरचं पाणी पुढे शोषखड्ड्यात जावं अशीच रचना असते. गाळ वर्षानुवर्षं साठतो आणि मग कधीतरी टँकर बोलावून उपसतात. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची जोडणी मिळाली की लोक ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह दिवसरात्र उघडा ठेवतात, म्हणजे नकळत ट्रेलरखाली सेप्टिक टँकच तयार करतात. पाणी वाहून जातं, मैला आणि कागद राहतात, आणि संडासाच्या पाइपाच्या बरोबर खाली त्यांचा ढीग होतो. तो वाळला की दगडासारखा होतो. त्यामुळे जोडणी असो वा नसो, ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह कायम बंद, आणि फक्त रिकामी करताना उघडा. ही एक सवय लागली तरी निम्मी डोकेदुखी जाते.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या घरांत कागदापेक्षा पाणी वापरायची पद्धत. त्यानं टाकी लवकर भरते हे खरं, पण आतला ऐवज सैल राहतो आणि कागदाचा लगदा भिंतींना चिकटत नाही. आई-बाबा महिनाभर आमच्याबरोबर फिरले तेव्हा टाकी दर तीन दिवसांनी रिकामी करावी लागली, पण इतकी सुरळीत ती कधीच वाहिली नव्हती.

आता धुणं. हे काम दाबाचं. धुण्याच्या तोटीला नळी जोडून नळ सोडला की पाणी आधी न्हाणीघराच्या भिंतीमागून वर चढतं, तिथल्या एका छोट्या झडपेतून जातं आणि मग खाली येऊन टाकीत बसवलेल्या फवाऱ्यातून भिंतींवर आपटतं. पाणी असं वळसा घालून नेण्यामागे कारण आहे. नळाचा दाब अचानक गेला तर टाकीतलं घाण पाणी नळीत उलटं ओढलं जाऊ नये म्हणून ती झडप वरच्या बाजूला हवा आत घेते. ती जुनी झाली की गळते. धुताना न्हाणीघराच्या कपाटात ओल दिसली तर संशय आधी तिच्यावर घ्यायचा. आणि झडप असली तरी या कामाची नळी वेगळीच हवी. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी इथे एकदाही लावायची नाही. डंप स्टेशनवरच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेवरच्या, 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी असलेल्या नळालाही ती लावायची नाही.

रिकामी करताना टाकीतून फक्त बाहेर जातं, म्हणून त्या कामात टाकी भरून वाहूच शकत नाही. धुताना बाहेरून आत येतं. आत येणारं पाणी कुठे जाणार हे खालचा व्हॉल्व्ह ठरवतो. कॅम्पग्राउंडचा नळ मिनिटाला ४ गॅलन देतो असं धरा, म्हणजे साधारण एक बादली. रिकामी ४० गॅलनची टाकी १० मिनिटांत काठोकाठ होते. आधीच दोन-तृतीयांश भरलेली असेल तर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांत. एवढ्या वेळात माणूस फोनवर बोलत ट्रेलरला एक फेरी मारून येतो.

टाकी भरल्यावर पाणी थांबत नाही. संडासाच्या भांड्याखालचं झाकण बंद असतं, म्हणून ते दुसरी वाट धरतं, छतापर्यंत गेलेल्या हवेच्या पाइपाची. पाइप भरतो, पाणी छतावर सांडतं, छतावरून खिडकीवर येतं. आमच्याकडे हेच झालं, आणि खरं सांगायचं तर ही त्यातल्या त्यात बरी वाट होती. कारण त्या क्षणी पाइपात टाकीपासून छतापर्यंत, म्हणजे अडीच मीटर उंचीचं पाणी उभं असतं. आत कुणी संडासाचं पेडल दाबून ते झाकण उघडलं तर ते सगळं भांड्यातून वर उसळतं. आणि छतावरचा पाइप कशानं बुजलेला असेल तर नळाचा सगळा दाब टाकीच्या प्लास्टिकवर येतो, टाकी फुगते किंवा तडकते. १५० लिटर पाण्याचं वजन १५० किलो. ते आधीच टाकीच्या आधारपट्ट्यांवर लटकत असतं.

त्यामुळे गुडगुड ऐकू आली तर क्रम चुकवू नका. आधी बाहेरचा नळ बंद. मग आतल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं की संडासात कुणी जायचं नाही, मुलांना तर हात धरून थांबवायचं. त्यानंतर सांडपाण्याची नळी नीट जोडलेली आहे याची खात्री, आणि मगच दांडी ओढायची. आमची नळी त्या रात्री जोडलेलीच नव्हती. घाईत आधी दांडी ओढली असती तर दहा बादल्या मैला शेजाऱ्याच्या अंगणात गेला असता.

धुताना व्हॉल्व्ह उघडा ठेवावा की बंद, यावर जुने ट्रेलरवालेही दोन बाजूंनी बोलतात. उघडा ठेवला तर पाणी आलं तसं वाहून जातं, भरून वाहायची भीती राहत नाही. पण फवारा भिंती भिजवतो, तळाचा थर हलवत नाही. बंद ठेवून थोडं पाणी साठू दिलं आणि एकदम सोडलं तर तो लोंढा तळ खरवडून नेतो. म्हणजे धुण्यासाठी पुन्हा रिकामं करण्याचीच युक्ती वापरायची. मी दोन्ही करतो. टाकी रिकामी झाली की व्हॉल्व्ह उघडाच ठेवून पाच मिनिटं फवारा. मग व्हॉल्व्ह बंद, फोनवर ३ मिनिटांचा गजर, आणि माझा हात नळाच्या चावीवर. गजर वाजला की नळ बंद करून दांडी ओढायची. असं दोन-तीनदा. व्हॉल्व्ह बंद असताना नळापासून हलायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही.

टाकी धुतली गेली हे कळतं कशावरून? नळी जोडायच्या तोंडाशी एक पारदर्शक कोपरा मिळतो, तो जरूर लावा. पहिल्या लोंढ्यात तो काळपट तपकिरी दिसतो. मग चहासारखा. मग पाणी पिवळसर होतं, आणि त्यात अचानक कागदाचे तुकडे गोळ्यानं येतात. नवखा माणूस पिवळसर पाणी बघून थांबतो. खरं म्हणजे ते तुकडे यायला लागले की तळ सुटू लागला, म्हणून अजून एक फेरी करायची. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या आतल्या पट्टीवरच्या दिव्यांवर विसंबू नका. टाकीच्या भिंतीत एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि पूर्ण अशा उंचीवर धातूचे खिळे असतात. त्यांच्यावर कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दाखवते.

ज्यांच्या ट्रेलरला धुण्याची तोटीच नाही त्यांनी संडासाच्या भांड्यातून बादलीनं पाणी ओतावं. काम तेच होतं, वेळ जास्त लागतो.

वेळेवरून आठवलं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मॅदर कॅम्पग्राउंड आहे. तिथे जागेवर जोडणी नाही, पण डंप स्टेशन आहे. त्याच्याच शेजारी ट्रेलर व्हिलेज, तिथे प्रत्येक जागेला पाणी, वीज, सांडपाणी सगळं आहे. मॅदरला राहिलात तर निघताना टाकी रिकामी करा, धुण्याची एखादी फेरी करा आणि जागा मोकळी करा, मागे रांग असते. सावकाश धुणं ट्रेलर व्हिलेजसारख्या जागेसाठी राखून ठेवा.

ग्रे टँकचं थोडक्यात. बेसिन आणि न्हाणीचं पाणी तिच्यात जातं. ती भरून वाहिली तर पाणी संडासात नाही, न्हाणीत वर येतं, कारण सगळ्यात खालचं तोंड न्हाणीचं असतं. पायाखाली तेलकट गढूळ पाणी आलं म्हणजे ग्रे टँक, संडासात गुडगुड म्हणजे ब्लॅक टँक, एवढं ओळखता आलं तरी पुरे. सोडताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. बहुतेक ट्रेलरमध्ये दोन्ही टाक्या बाहेरच्या एकाच तोंडाला येतात, म्हणून दोन्ही दांड्या एकदम कधी ओढायच्या नाहीत. ब्लॅक टँकचा ऐवज ग्रे टँकमध्ये शिरला तर पुढे न्हाणीतून वास येत राहतो. आणि स्वयंपाक आपला असेल तर भाताची शितं, चहाचा चोथा आणि फोडणीचं तेल बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. कढई आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. तेल थंड टाकीत गोठतं, आणि ग्रे टँकचा पाइप जेमतेम दीड इंची असतो.

धुऊन झालं की ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंद करून भांड्यातून बादलीभर पाणी सोडा. कोरड्या तळावर पहिलाच मैला पडला तर तो तिथेच चिकटतो. वास मारायचं औषध घालायचं तर फॉर्मल्डिहाइड नसलेलं घ्या. ज्या कॅम्पग्राउंडचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं तिथले जिवाणू फॉर्मल्डिहाइडनं मरतात.

आमच्या दोन तोट्यांपैकी धुण्याच्या तोटीला आता लाल टेप गुंडाळलेली आहे, आणि वापर नसेल तेव्हा तिच्यावर टोपण घट्ट बसवलेलं असतं. टेप अंधारात टॉर्च मारला तरी दिसते, आणि टोपण हातानं चाचपून कळतं.

हिवाळ्यापूर्वी ट्रेलर बंद करताना या तोटीचा पुन्हा विसर पडतो. गोठण्यापासून वाचवणारं गुलाबी द्रव आपण पंपानं घरातल्या सगळ्या नळांतून फिरवतो, पण धुण्याची वाट त्या नळांना कुठेच जोडलेली नसते, म्हणून ते तिथे पोचत नाही. तिच्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या हलक्या दाबानं, खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, वेगळं फुंकून काढावं लागतं. नाही काढलं तर भिंतीमागची ती छोटी झडप गोठून फुटते, आणि ते कळतं उन्हाळ्यात पहिल्यांदा टाकी धुताना, न्हाणीघराच्या कपाटातून पाणी यायला लागल्यावर.