मांजर नसलेली मांजरं आणि एकच तोंड असलेला दुतोंड्या

कोकणात मांजर म्हणवून घेणारी तीन जनावरं अशी आहेत की त्यातलं एकही मांजर नाही. उदमांजर, पाणमांजर आणि खवले मांजर. उदमांजर म्हणजे तोच तो, रात्री माळ्यावर धडपडणारा, पिकलेला फणस पहिला ह्याला कळतो, बरेच जण कांडेचोर म्हणतात. तो त्यातल्या त्यात मांजराचा लांबचा भाऊबंद तरी आहे. मांसभक्षक प्राण्यांच्या कुळाला दोन मोठ्या फांद्या आहेत, एक मांजराकडची आणि एक कुत्र्याकडची, आणि उदमांजर मांजराकडच्या फांदीवर बसतं. पाणमांजर मात्र सरळ कुत्र्याकडच्या फांदीवर! म्हणजे सिंधुदुर्गात खाडीकाठी पायाच्या बोटांमधल्या पडद्याने सपासप पाणी कापत मासे धरणारं ते जनावर तुमच्या अंगणातल्या मोत्याच्या जास्त जवळचं आणि मनीपासून लांबचं. उलट मुंगूस, ज्याला मांजर म्हणायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही, ते मांजराच्या फांदीवर आहे. नावं देणाऱ्याने बाहेरून बघितलं, चार पाय, मिशा, लांब शेपूट, झालं मांजर.

खवले मांजर तर ह्या दोन्ही फांद्यांवर नाही. त्याचा गटच वेगळा आणि त्या गटात जगभरात मिळून फक्त ८ जाती. अंगावर केस असायच्या जागी खवले, पण ते माशाचे खवले नव्हेत, केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच मालाचे. (म्हणूनच ते खवले औषध म्हणून लाखोंनी विकत घेणाऱ्यांची मला खरंच गंमत वाटते, स्वतःची नखं कुरतडली असती तरी तेवढाच गुण आला असता.) तोंडात एकसुद्धा दात नाही. मग खातो कसा, तर पुढच्या नखांनी वारूळ फोडायचं, नाकपुड्या आणि कान आतून मिटून घ्यायचे म्हणजे मुंग्या आत शिरत नाहीत, आणि चिकट जीभ आत सोडायची. आता ही जीभ सुरू कुठून होते ते बघा. आपली जीभ घशापाशी हाडाला बांधलेली असते, ह्याची तिथे नाहीच, ती छातीच्या पिंजऱ्यातून खाली जाऊन छातीच्या मधल्या हाडाच्या शेवटच्या टोकाला जोडलेली, काम नसेल तेव्हा मागे ओढून छातीतच ठेवलेली. चावायचं काम पोट करतं, पोटाच्या आतल्या कातडीला कडक काटेरी अस्तर असतं आणि मुंग्यांबरोबर गिळलेली वाळू नि खडे तिथे दळायला कामी येतात.

दात नाहीत म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊ आणि आर्माडिलोच्या पंगतीत बसवलं होतं. नंतर डीएनए तपासला तेव्हा कळलं की त्यांचा ह्याचा काही संबंध नाही, ह्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे मांसभक्षकच, म्हणजे वाघ, कुत्रा, अस्वल आणि हो, मांजर. म्हणजे मांजर नाही ते नाहीच, पण नाव ठेवणारा आपला गाववाला त्या काळच्या पंडितांपेक्षा जास्त जवळ पोचला होता, चुकून का होईना. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने २०२० साली खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी काढून खवलोत्सव केला होता. शिकारीसाठी ज्याची बिळं शोधली जायची त्याची पालखी, हे मला कुठल्याही पोस्टरपेक्षा भारी वाटतं.

समुद्राकडे गेलात तर नावांचा गोंधळ आणखी वाढतो. बॉम्बे डक बदक नाही हे आता सगळ्यांना माहीत झालंय, डाकगाडीतून बोंबील जायचे म्हणून डक अशी गोष्टही रंगवून सांगतात, पण मुंबईत रेल्वे आली १८५३ ला आणि हे नाव त्याच्या आधीपासून छापलेलं सापडतं, तेव्हा ती गोष्ट सोडूनच द्या. नावापेक्षा बोंबलाचं शरीर भारी आहे. त्याच्या मांसात जवळपास ९० टक्के पाणी, हाडंसुद्धा मऊ, म्हणून तर तळायच्या आधी पाट्याखाली दाबून पाणी काढावं लागतं नाहीतर तव्यावर नुसता लगदा. एवढा लिबलिबीत मासा बघून वाटतं की हा बिचारा काय कुणाला खाणार. पण ताज्या बोंबलाचा जबडा एकदा नीट उघडून बघा, जरा जपून, डोक्याच्या मानाने केवढं मोठं तोंड आणि आत सुयांसारखे बारीक दात, टोकं आतल्या बाजूला वळलेली, एकदा आत गेलेलं परत बाहेर येत नाही. हा पक्का शिकारी आहे, दुसरे मासे आणि कोळंबी खाणारा. आणि सुकवणाऱ्या बायका नेमका ह्याच जबड्याचा उपयोग करतात, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या आडव्या काठीवर टाकायची, एक ह्या बाजूला एक त्या बाजूला, ना दोरा ना चिमटा.

माकूल (कटलफिश) घ्या. मासळी म्हणून विकतात पण मासा नाही, शिंपल्या-कालवांच्या गोतावळ्यातला, फक्त ह्याने शिंपला अंगाबाहेर न ठेवता आत घेतला. हृदयं ३. दोन फक्त कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या शरीराला पुरवतं, आणि रक्त निळसर, कारण आपल्यासारखं लोखंड नाही तर तांबं असलेलं द्रव्य त्यात प्राणवायू वाहतं. मेंदू अन्ननलिकेच्या भोवती कड्यासारखा बसलेला, त्यामुळे गिळलेला प्रत्येक घास मेंदूच्या मधून जातो, घाईघाईत मोठा घास घेतला तर काय होईल ह्याचा विचार तुम्हीच करा.

तर माकुलाने आत घेतलेला शिंपला म्हणजेच आपला समुद्रफेस. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर पांढरे लांबट पाटे पडलेले दिसतात, वजनाला एकदम हलके, पोरं गोळा करतात, कुणी पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला टांगतात. फेस म्हणतात कारण लाटांबरोबर तरंगत येतो, पण फेसाचं नि त्याचं काही नातं नाही. हातात घेतलात तर पाठीची बाजू कडक, बारीक दाणेदार, आणि पोटाकडची बाजू इतकी ठिसूळ की नखाने ओरखडा काढला तर पीठ पडतं. आडवा मोडून भिंग लावलंत तर आत मजले दिसतील, एकावर एक पातळ थर आणि दोन थरांना धरून ठेवणारे बारीक खांब, एखादी खूप मजल्यांची इमारत उभी कापावी तसं. त्या मजल्यांमध्ये हवा किती आणि पाणी किती हे माकूल स्वतः ठरवतं, पाणी बाहेर खेचलं की हलकं होऊन वर, पाणी आत घेतलं की खाली. पाणबुडीची टाकी आहे ती, आणि आपण पोपटाला देतो.

ह्याच माकुलांना नि त्यांच्या नळ जातीच्या भावंडांना तोंडात कडक चोच असते, आणि त्या चोचीवरून पुढचा घोळ झालाय. पेपरात दर थोड्या दिवसांनी बातमी येते, कोकणात अमुक कोटींची व्हेलची उलटी पकडली. देवमासा मासा नाही हे शाळेत झालंय, पण ही उलटी उलटी नाही हे कुणी सांगत नाही! स्पर्म व्हेल हा देवमासा मुख्यतः नळ-माकुलांवर जगतो, बाकी सगळं पचतं, चोची पचत नाहीत. बऱ्याचशा चोची तो खरंच ओकून टाकतो, पण काही पुढे आतड्यात सरकतात आणि तिथे त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो, तोच अंबरग्रीस. मागच्या वाटेने बाहेर पडतो किंवा व्हेल मेल्यावर सुटतो. म्हणजे अत्तरवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात ते तोंडातून आलेलं नाही एवढंच सांगतो, बाकी तुम्ही समजून घ्या. विकणं-बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे हेही जाता जाता. आणि स्पर्म व्हेल हे नावसुद्धा चुकलेलंच, त्याच्या अवाढव्य डोक्यातलं पांढुरकं तेल बघून जुन्या दर्यावर्दींना ते वीर्य वाटलं, प्रत्यक्षात ते तेल आवाज घडवून पाण्यात सोडायच्या यंत्रणेचा भाग आहे.

चुकीच्या नावाचा फटका खरा बसला तो मांडूळ सापाला. दुतोंड्या. शेपूट डोक्याइतकीच जाड आणि बोथट, संकट आलं की हा डोकं वेटोळ्यात दडवून शेपटी वर करतो, म्हणजे शत्रूने चावलंच तर शेपटीला चावावं. म्हाताऱ्या मांडुळाच्या शेपटीवर अशा जखमांच्या खुणा असतात आणि त्यामुळे ती आणखीनच तोंडासारखी दिसते. विष नाही, दुसरं तोंड नाही, गुप्तधनाचा तर विषयच सोडा, तरी त्या एका नावापायी जिवंत पकडून पोत्यातून विकला जातो.

आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नाही तो देवगांडूळ. पहिल्या पावसात शेणखत उकरताना नाहीतर बागेत पाचोळा ओढताना निघतो, अंगभर वळी, पाय नाहीत, बुळबुळीत, माणसं गांडूळ समजून सोडतात किंवा साप समजून ठेचतात. तो ह्या दोन्हीपैकी नाही, बेडकाचा नातेवाईक आहे. गांडुळाला हाडं नसतात, ह्याला पाठीचा कणा, जबडा, दात सगळं आहे आणि कवटी इतकी घट्ट की तिनेच तो माती फोडत जातो. आपल्याकडच्या काही जातींचे डोळे चक्क हाडाखाली गेलेत, त्याच्याऐवजी डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक इवलीशी स्पर्शिका आहे, वास आणि स्पर्श टिपणारी, पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्याकडे असला अवयव नाही. ह्यांच्या काही परदेशी जातींत आई पिल्लांना स्वतःच्या कातडीचा वरचा थर खरवडून खाऊ देते, तो थर त्यासाठीच पोसलेला असतो.

आपल्या आंबोलीतून २००३ मध्ये ह्यांची एक नवी जात नोंदवली गेली, आणि त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून दुसरी, गेगेनिओफिस शेषाचारी. पुढे २००८ मध्ये दोर्लेच्या जातीबद्दल जे छापून आलं ते वाचून मी उडालोच, ती अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढवून जन्माला घालते. आशियातल्या देवगांडुळांत असं करणारी सापडलेली ही पहिली जात.