पार्श्वभूमी : धावून जाणारी गावकी, वाळीत टाकणारी गावकी

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईकडे मासळी घेऊन चाललेल्या कोळ्यांनी ती मासळी समुद्रात लोटली आणि होड्यांत माणसं ओढून घेतली. त्याला तेव्हा कुणी मानसशास्त्र म्हटलं नाही.

शास्त्र आलं ते उलट्या टोकाकडून. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला एका तरुणीचा खून ३८ जण बघत राहिले, अशी बातमी आली. १९६८ च्या प्रयोगांतून निष्कर्ष निघाला : बघे जितके जास्त, तितका एकेकाचा हात आखडता. पुढे ३८ हा आकडाच फुगवलेला निघाला. २०१९ मध्ये तीन देशांतलं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा रस्त्यावरच्या दहापैकी नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. कोकणातल्या माणसाला याचं नवल नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल कोसळला, तेव्हा धोका आधी ओळखला तो शेजारच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्याने.

खरा घोळ 'गावकी' या शब्दाचा. गावकी म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेला गावाचा कारभार. वणवा लागला, विहिरीत कुणी पडलं की हाक जाते ती गावकीला, आणि घराघरातून माणूस निघतो. तीच गावकी वाळीतही टाकते. मग शिमग्याची पालखी त्या दाराशी थांबत नाही, दुकानदार मीठसुद्धा देत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. अभ्यासक धाडसाचे दोन प्रकार मानतात : एक जीव धोक्यात घालण्याचं, दुसरं आपल्याच माणसांविरुद्ध उभं राहण्याचं. पहिल्याला आपण नारळ आणि शाल देतो. दुसऱ्याला 'गाव फोडणारा' म्हणतो. माझ्या मते दुसरं अधिक अवघड, कारण पुरात उडी मारणाऱ्याच्या मागे सगळी वाडी उभी असते.

'गावकी म्हणजे शिस्त, शहरातल्यांना ती कळत नाही,' हा बचाव चाकरमान्यांच्या मुंबईतल्या बैठकांतही ऐकू येतो. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक आल्या, त्यापुढे तो टिकला नाही. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तक्रार द्यायला मात्र पोलीस ठाण्याची पायरी एकट्यानेच चढावी लागते, आणि साक्षीदार त्याच वाडीतले.